पाचवी चाल

"वजीर घ्यायचा, बस. तेव्हा घेतला होतात तसाच," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. मग सत्कार, चहा, फोटो."

कवळीवाल्याने मान वर केली नाही. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची पट्टी चढवून तो त्यात वरचे दात बसवत होता, आणि सुळ्याच्या जागेपाशी आला की त्याला बोलणं नको असायचं. खोली लहान. खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा, भिंतीवरच्या फळीवर साच्यांची रांग. एकेक साचा म्हणजे गावातल्या कुणाचं तरी बोळकं. कोपऱ्यात पॉलिशचं चाक होतं. तिथे त्याची बायको बसायची, आणि चाक कितीही घरघरत असलं तरी तिला हवं ते सगळं ऐकू यायचं.

"आणि हरायचं," तो म्हणाला.

"हरायचं म्हणजे काय? डाव होऊन गेलाय हो. आपण तो नुसता दाखवायचा. उस्तादांच्या सत्काराला त्यांचा सगळ्यात गाजलेला डाव नको? आणि समोर बसायला खुद्द तुम्ही. अशी संधी कुणाला मिळते?"

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. फळीवरचे बहुतेक साचे त्यांच्याच दवाखान्यातून आलेले. शिवाय ते बुद्धिबळ क्लबाचे चिटणीस. म्हणजे कवळीवाल्याचं पोट त्यांच्या हातात आणि संध्याकाळचा विरंगुळाही त्यांच्याच हातात. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ जरा अडखळतेच. तो "बघतो" म्हणाला. डॉक्टरांनी ते "येतो" असं ऐकलं आणि खूश होऊन निघून गेले.

डाव तीस वर्षांपूर्वीचा. उस्ताद तेव्हा ऐन भरात होते. क्लबात येऊन ते एका वेळी पंचवीस जणांशी खेळले; टेबलांच्या रांगेसमोरून चालत जायचं, प्रत्येकापुढे क्षणभर थांबायचं, चाल करायची, पुढे सरकायचं. कवळीवाल्यासमोर पाचव्या खेपेला ते थांबले आणि त्यांनी घोड्याने मधलं प्यादं मारलं. त्या घोड्यामागे त्यांचा वजीर होता, तो उघडा पडला. कवळीवाल्याचा उंट त्या वजिराच्या थेट रेषेत. पोराला बक्षीस मिळावं तसा त्याने तो उचलला. दोन चालींनी दोन घोडे आणि एक उंट यांनी मिळून त्याच्या राजाला घराबाहेर ओढून गाठलं. मात. सातव्या चालीला डाव संपला तेव्हा शेजारच्या माणसाचा चहासुद्धा संपला नव्हता.

सापळा काही उस्तादांचा नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका कॅफेत एका म्हाताऱ्या उस्तादाने तो लावला होता, आणि तेव्हापासून जगभरचे हौशे-गवशे त्यात पडत आले आहेत. पण आमचे उस्ताद सांगायला बहाद्दर. जिथे भाषण करत तिथे हा डाव सांगत, समोरच्याचा चेहरा कसा फुलला ते करून दाखवत. मग तो छोट्या डावांच्या पुस्तकांत छापून आला. वर उस्तादांचं नाव ठळक, आणि विरुद्ध बाजूला एकच शब्द: हौशी. त्या पुस्तकांची रीतच तशी. जिंकणारा नावानिशी, हरणारा हौशी. त्याच पॅरिसमध्ये नाटकगृहाच्या खास कक्षात बसून एका तरुण खेळाडूने सतरा चालींत जिंकलेला डाव तर जगप्रसिद्ध आहे. तिथे हरणाऱ्यांत एक ड्यूक होता आणि एक काउंट, म्हणून निदान त्यांच्या पदव्या तरी छापल्या गेल्या. कवळ्या करणाऱ्याला कसली पदवी? क्लबात त्याला त्या दिवसापासून सगळे हौशीच म्हणू लागले, आणि म्हणताना वजीर उचलल्याचा हात करू लागले.

"जाणार?" बायकोने चाक बंद करून विचारलं.

"नाही म्हटलं तर काम बंद होईल."

"ते मी विचारलं नाही."

त्याने पुढचा दात मेणात दाबला.

"हे बघा," ती म्हणाली, "जा नाहीतर राहा. पण गेलात तर तोंड पाडून परत यायचं नाही. लग्न झाल्यापासून दर वेळी कुणीतरी तो डाव काढतं आणि तुम्ही दोन दिवस घुम्यासारखे बसता. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या माणसाने तुमचं एवढं काय नेलंय, ते एकदा मागून तरी घ्या."

"असं मागून मिळत नसतं."

"मग हिसकावून घ्या," ती म्हणाली आणि तिने चाक चालू केलं.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. मंचावर टेबल, दोन खुर्च्या, मागे भिंतीवर टांगलेला मोठा पट. टेबलावर चाल झाली की क्लबातली एक मुलगी त्या पटावरची सोंगटी हलवायची. उस्ताद काठी टेकत आले. केस पांढरेशुभ्र, डोळे मात्र तसेच लुकलुकते. त्यांनी माइक घेतला आणि नेहमीचा किस्सा सांगितला. "वजीर बघितल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला," म्हणून त्यांनी गाल फुगवले, डोळे मोठे केले. लोक खदाखदा हसले. कवळीवालाही हसला, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. तिसऱ्या रांगेत त्याची बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती हसली नाही.

खेळ सुरू झाला. पहिल्या चार चाली भराभर झाल्या. त्या सगळ्यांना पाठच होत्या. पाचव्या चालीला उस्तादांनी घोडा उचलला, हवेत जरा मिरवला, मधल्या प्याद्यावर ठेवला आणि मागे रेलून हाताची घडी घातली. वजीर उघडा. हॉलमध्ये मोबाइल वर झाले.

कवळीवाल्याने हात पुढे केला. आता उंट उचलायचा, वजीर घ्यायचा, दोन चालींनी मरायचं आणि घरी जायचं. सोपं होतं. फळीवरचे साचे फळीवर राहिले असते. पण उंटाजवळ पोचलेला हात त्याला पुढे नेववेना. त्याला एकदम राग आला, इतका की कानशिलं तापली; उस्तादांचा नव्हे, डॉक्टरांचाही नव्हे, स्वतःच्या त्या शहाण्यासारख्या पुढे जाणाऱ्या हाताचा. त्याने हात बाजूला नेला आणि प्यादं पकडलं.

"उंट," मंचाच्या कडेवरून डॉक्टर कुजबुजले. "अहो, उंट. चुकून हात लागला. परत घ्या."

"हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं, डॉक्टर," तो म्हणाला. समोर माइक होता, त्यामुळे ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "क्लबाच्या भिंतीवर तुम्हीच लिहून लावलंय."

कुणीतरी हसलं, पण या वेळी डॉक्टरांना. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. उस्ताद पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हाताची घडी सोडली.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "प्यादंच खेळा."

त्याने प्याद्याने घोडा मारला. मोठ्या पटापाशी उभी असलेली मुलगी गोंधळली, तिने आधी उंटालाच हात घातला होता. मग तिने घोडा काढून तिथे प्यादं लावलं. उस्तादांनी वजिराने त्याचा उंट मारला. हिशेब सरळ होता. कवळीवाल्याचं एक प्यादं कमी झालं होतं आणि तो जिवंत होता.

"पाहुणे खोळंबलेत," डॉक्टर उस्तादांच्या कानाशी लागले. "आपण इथेच थांबवू या. बरोबरी म्हणू."

"खोळंबू देत," उस्ताद म्हणाले आणि कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आणि तो माइक उचला इथून."

त्यानंतर ते एकदाही गमतीचं बोलले नाहीत. दर चालीला विचार करू लागले, कपाळ चोळू लागले. त्यांनी तसूभरही सवलत दिली नाही, आणि कवळीवाल्याला तेच हवं होतं. एक प्यादं कमी असलेला माणूस अशा खेळाडूपुढे कुठवर टिकणार? पण तो टिकला. सुळा बसवताना जसा श्वास धरतो तसा धरून खेळला. दोनदा उस्तादांना मान तिरकी करून त्याच्याकडे बघावं लागलं. तासाभराने लोक चुळबुळ करू लागले, चहा बाहेरच वाटून झाला, मुख्य पाहुणे घड्याळ बघत निघून गेले. हार टेबलावर तसाच सुकत पडला. बायको तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत येऊन बसली.

शेवटी त्या एका प्याद्यानेच घात केला. उस्तादांनी ते जपत जपत शेवटच्या घरापर्यंत नेलं आणि त्याचा वजीर झाला. कवळीवाल्याने आपला राजा कोपऱ्यात सरकवला. आता फक्त एक चाल उरली होती, तीही सगळ्यांना दिसत होती. उस्तादांनी हात पुढे केला. अशा वेळी हरणाऱ्याने आपला राजा आडवा करायचा आणि हात मिळवायचा, असा खेळातला सभ्यपणा आहे.

कवळीवाल्याने हात मिळवला नाही.

"तुमची चाल आहे," तो म्हणाला.

उस्तादांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला, वजीर उचलला, आणि काळजीपूर्वक त्याच्या घरात ठेवला. मात. आता कवळीवाल्याने हात पुढे केला.

उस्तादांनी तो धरला आणि सोडला नाही. "प्याद्याने घोडा मारायचं केव्हा सुचलं?"

"त्याच रात्री. घरी पोचायच्या आत."

"मग इतकी वर्षं?"

"तुम्ही परत बसायला कुठे बोलावलंत?"

उस्तादांनी त्याचा हात सोडला. ते कोट घालू लागले, आणि त्यांच्या एका हाताला बाही सापडेना तेव्हा कवळीवाल्याने मागून कोट धरला.

डॉक्टर खाली पायरीपाशी वाट बघत होते. आवाज अगदी शांत. "सोमवारी माणूस पाठवतो. माझे सगळे साचे परत द्या त्याच्याकडे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ती बोळकी गेली की फळीवर फारसं काही उरणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. घरी जाऊन बसून त्याचा विचार करावाच लागणार होता.

"पाठवा," तो म्हणाला. "वरच्या फळीवरचे दोन अजून ओले आहेत. सांभाळून न्यायला सांगा."

ती त्याच्या बाजूने चालू लागली. हॉलमध्ये खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते. मंचावर ती मुलगी सोंगट्या पेटीत भरत होती. हत्ती, घोडे, नवा झालेला वजीर, सगळं आत गेलं. कोपऱ्यात अडकलेला त्याचा राजा अजून उभाच होता. तिने तो सगळ्यात शेवटी उचलला.