चंद्रसेनाचं हरवलेलं पहिलं पान

मी ‘चढाई चंद्रसेनाची’ बोलतोय. जरा हळू धरा, माझी शिवण उसवली आहे. पण खाली ठेवू नका, कारण आज माझं नशीब एसटीत बसलंय!

मी ऐतिहासिक नाटक. मूळचा राजा विलायतेचा. रूपांतरकारानं त्याला धोतर नेसवलं, मिशा लावल्या आणि मला छापून मोकळा झाला. फिरत फिरत मी धानोऱ्याजवळच्या एका नाटक मंडळाच्या पेटीत आलो. धान निघालं, शंकरपट भरला की दिवसा बैल धावायचे आणि रात्री मी. चंद्रसेनाची आरोळी उठली की जंगलातले वाघ शेपूट आवरून बसायचे. हे मी पेटीतून स्वतः पाहिलंय.

मंडळाचा एकच नियम होता: जे स्टेजवर बोललं जात नाही, ते कामाचं नाही. पहिलं पान कोण बोलतं? नाव, रूपांतरकार, छापखाना, साल, सगळं त्याच पानावर होतं. राजाचं काम करणाऱ्या रामाजींच्या डोक्याला पुठ्ठ्याचा मुकुट ढिला व्हायचा, म्हणून पेटी सांभाळणाऱ्या देवाजीनं ते पान फाडलं आणि भाताच्या पेजेनं मुकुटात आतून चिकटवलं. रामाजी तेव्हापासून पक्के राजा आणि मी बिननावाचा.

मग सन शहाऐंशीत हरिदास सर आले. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मराठी शिकवणारे, घराण्यातले पहिले पदवीधर. जुन्या छापील रूपांतरांवर त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध होता, आणि अख्खं एक प्रकरण माझ्या पाठीवर उभं होतं. त्यांच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं की रूपांतरकार, छापखाना आणि साल नसेल तर प्रकरण काढून टाका. म्हणजे पदवी गेलीच!

देवाजीनं मुकुटाची गोष्ट सांगताच सर धावत रामाजींच्या अंगणात. मुकुट उलटा केला, तर आतलं पान कोरं! इतक्या वर्षांच्या तेलाघामानं एक अक्षर शिल्लक नव्हतं. सर मुकुट मांडीवर घेऊन ओसरीवर बसले.

तांदूळ पाखडणाऱ्या बायनाबाई, रामाजींच्या घरच्या, सूप न थांबवता म्हणाल्या, “याइच्या टकलावर हायेत ना अक्षरं. तेल लावताना रोज दिसतेत मले. पर उलटी.”

रामाजींनी डोक्याचा दुपट्टा घट्ट आवळला. नाटकांचा हंगाम संपेपर्यंत राजानं चारचौघांत डोकं उघडं करायचं नाही, ही गावची रीत.

“राजाचं टक्कल लोकाइनं पाह्यलं, तर दरबारात मले कोन भिईन?”

सर हळूच म्हणाले, “भाऊ, तुमी झाकून ठेवलं, तर या नाटकाले नाव राह्यनार नाई. अन् माही पदवीबी गेली.”

रामाजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याचं बोललो, त्यालाच नाव नाही, हे त्यांना बहुतेक लागलं असावं. त्यांनी दुपट्टा सोडला.

मेकअपच्या पेटीतला आरसा आला. आरशात एकेक अक्षर सुलट होऊ लागलं. माझं नाव! छापखाना! साल! रूपांतरकार कानामागे गेले होते, तर राजानं स्वतः मान वळवून त्यांना पुढं आणलं. माझी पानं वाऱ्याशिवाय फडफडली, कुणाला खरं वाटो न वाटो.

सरांनी तळटीप लिहिली: ‘प्रथम पान रामाजींच्या डोक्यावर, उलट छाप.’ मार्गदर्शक म्हणाले, मूळ प्रत दाखवा, तरच सही.

म्हणून आज आम्ही ब्रह्मपुरीला निघालोय. मी सरांच्या पिशवीत, रामाजी खिडकीशी. त्या दिवसापासून बायनाबाईंनी त्यांच्या डोक्याला पाणी लागू दिलेलं नाही. मघाशी कंडक्टरनं तिकीट मागितलं, तर राजे म्हणाले, “मी पुस्तकाचं पान आहो. मले तिकीट काऊन?”

प्रवासी मंडळी, एवढंच मागणं आहे. ती खिडकी उघडी राहू द्या, त्यांना घाम येऊ देऊ नका. फाटल्यापासून आज पहिल्यांदाच मी पानासकट प्रवासाला निघालोय.