व्हेनमच्या नाकावरची टकटक

राखाडी, की निळसर राखाडी? इंग्लंडातल्या नॉरफकच्या एका शेडमध्ये या एका प्रश्नाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं आणि जिलियनचं डोकं फिरायची वेळ आली होती.

शेडमध्ये जुनं व्हेनम उभं होतं. इंग्रजांच्या सुरुवातीच्या जेट विमानांपैकी एक, लढणारं आणि बॉम्बही टाकणारं. तरी पुढचा भाग चक्क लाकडी. जिलियनचे वडील विल्फ तरुणपणी हवाईदलात याच विमानाचे मेकॅनिक होते. दृष्ट लागू नये म्हणून इंग्रज माणूस लाकडाला हात लावतो. विल्फ प्रत्येक उड्डाणाआधी व्हेनमच्या नाकावर टकटक करायचे. त्याशिवाय वैमानिक इंजिन चालू करत नसे. आता त्यांची नजर पार गेली होती आणि एकच हट्ट उरला होता, "मरायच्या आधी एकदा वाजवू दे गं."

"पुढच्या महिन्यात आणा," विमानाच्या दुरुस्ती मंडळाचे अध्यक्ष पास्क चहात बिस्किट बुडवत म्हणायचे. "रंग तेवढा ठरू दे."

"अहो, बाबांना दिसत नाही! कुठलाही फासा!"

"फासायला हे काय कुंपण आहे? इतिहास आहे हा, जिलियन."

मग पुन्हा चहा, पुन्हा वाद. जिलियन दात-ओठ खात घरी यायची आणि बाबांना काहीतरी थाप मारायची. त्याचीच तिला जास्त चीड यायची.

अखेर एकदाचं बोलावणं आलं. तिनं विल्फना चाकाच्या खुर्चीतून थेट विमानाच्या नाकाशी नेलं. त्यांनी चाचपडत हात पुढे केला, बोटं वळवली आणि वाजवलं.

ठप्.

पुन्हा वाजवलं. "जिले, हे लाकूड नव्हे. बादली आहे."

जिलियननं पास्ककडे पाहिलं.

"लाकूड कुजलं हो," पास्क म्हणाले. "फायबर बसवलं. पण रंग बघा कसा आरशासारखा बसलाय!"

"कुजलं? आलं तेव्हा तर धड होतं!"

"होतं ना. पण हे छप्पर गळतं."

"मग छप्पर का नाही दुरुस्त केलंत?"

"रंगाचं आधी ठरायला नको?"

जिलियनला रडावं की पास्कच्या अंगावर धावून जावं, कळेना. विल्फनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"कुठला दिलाय मग रंग?" त्यांनी विचारलं.

जिलियननं डोळे पुसून नीट पाहिलं. राखाडी, की निळसर राखाडी, तिला सांगता येईना.