सात नंबरचा पाळणा

"उतर खाली! तुले सांगून राहिलो ना, उतर!"

नत्थुजींनी आकाशपाळण्याची सळई घट्ट धरली. आत मैनाबाई मांडीवर पिशवी घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. मागे अकोल्याच्या मेळ्यातली रांग खोळंबली.

"काहो, आता काय झालं?" मैनाबाई नवऱ्यावर फणकारल्या. "वीस वर्सं तुमचा डबा घेऊन पार्कात येत होती मी. एक दिवस बसू देल्लं नाई. आज लेकीच्या गावात आली, त आता तरी बसू द्या!"

आपल्या गावी भातकुली रस्त्यावरच्या पार्कात नत्थुजींनी वीस वर्षं हाच आकाशपाळणा चालवला होता. हाच! वरून निळा रंग फासला म्हणून काय झालं? मैनाबाई बसल्या त्या सात नंबरच्या पाळण्याच्या कडीला त्यांच्याच हातचं वाकडंतिकडं वेल्डिंग होतं. ते दिसताच त्यांनी सळई धरली होती.

सहा वर्षांपूर्वी, ज्यावर सगळा पाळणा फिरतो त्या मधल्या दांड्याला तडा दिसला, तेव्हा त्यांनी पाळणा चालवायला साफ नकार दिला. मालकाने पार्कच बंद केलं. तेव्हापासून जो भेटे तो म्हणे, "काय मजा होती राजेहो! तुमीच बंद पाडलं." मैनाबाईही भांडणात हमखास तेच काढत. म्हणत, "तडा तुमच्या डोयात होता."

"हा पायना कुठून आणला?" त्यांनी हँडलवरच्या कुलदीपला विचारलं.

"मालकानं आणला. कावून?"

"कुठून, ते सांग."

"मले काय माहीत, काका! बसाचं त बसा, नाई त बाजूले व्हा."

उडवाउडवी! नत्थुजींचा संशय पक्का झाला. रंग चोपडून तेच मरण लोकांच्या गळ्यात बांधतात मेले.

"मधला दांडा दाखव. नाई त एकालेबी वर जाऊ देनार नाई."

रांगेतून शिट्ट्या आल्या. कुलदीपने वैतागून मशीन बंद केलं. पासष्टीचे नत्थुजी चपला काढून शिडी चढले. तडा वाढतोय का ते कळावं म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी तेव्हा छिन्नीच्या खुणा केल्या होत्या. आता रंग नखाने खरवडला, तरी एकही खूण सापडेना.

"घासून काढल्या तुमी खुणा!" ते वरूनच ओरडले.

"घासल्या नाई, दांडाच बदलला! जुना तठी पडून हाये." कुलदीपने तंबूकडे बोट दाखवलं. दोर बांधायला एक जाड लोखंडी दांडा आडवा टाकलेला होता. "आमचे मालक म्हने, जुन्या चालवनाऱ्यानं तडा पाहून काम सोडलं, पन पायना चालवला नाई. त्याचं आयकूनच बदलला."

नत्थुजी खाली येईपर्यंत मैनाबाई पाळण्यातून उतरून त्या जुन्या दांड्यापाशी बसल्याही होत्या. दोन खुणा, मधे बारीक रेघ. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. नख आत गेलं.

"बाप्पा! खरंच होता काहो?"

नत्थुजीही शेजारी बसले आणि खुणांवरून बोट फिरवू लागले. सगळ्यांचं ऐकून ऐकून अलीकडे त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली होती. त्यांचे डोळे भरून आले.

"मी लय बोलली तुमाले," मैनाबाई हळूच म्हणाल्या. "चाला, दोघंबी बसू."

"तू बस. मी हावो खाली."

पाळणा फिरू लागला. मैनाबाई पिशवी पोटाशी धरून वर गेल्या आणि तिथून ओरडल्या, "अजी, मोर्णा नदी दिसते!"

"तुमीबी बसले असते काका," कुलदीप म्हणाला. "नवा दांडा हाये."

"असंल," नत्थुजी म्हणाले, आणि मैनाबाई खाली उतरेपर्यंत खांबाला कान लावून उभे राहिले.