समुद्र ऑगस्टात परत येईल

रविवारी सकाळी साडेदहा वाजता प्रेमलाबाई देगावकर जीपमधून उतरल्या, पाण्यात जायचं म्हणून चपला काढून हातात घेतल्या आणि समुद्र कुठे आहे असं विचारलं.

समोर काळा गाळ होता. उन्हानं तडकलेला, नजर पोचेल तिथपर्यंत. त्यावर उगवलेल्या कोवळ्या गवतात कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. फार लांब, डोळे किलकिले केले तर, एक चकाकती रेघ दिसत होती.

"त्यो काय," धनाजीनं रेघेकडे बोट केलं. "दिवाळीत हितं पायरीला असतो. आता जरा तिकडं गेलाय."

"परत कधी येतो?"

"ऑगस्टात."

प्रेमलाबाईंनी चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या.

धनाजी उजनी धरणाच्या काठचा केळीवाला. बागेच्या कडेला त्यानं चार खोल्या बांधल्या होत्या, त्यांना निळा रंग दिला होता आणि दारावर 'सागरतीर स्पा' अशी पाटी लावली होती. पायरीला पाणी लागलेलं असताना काढलेले फोटो त्यानं इंटरनेटवर टाकले होते. ते खरेच होते, फक्त दिवाळीतले होते. देगावकरांच्या मुलीनं, भार्गवीनं, पुण्यात बसून ते मे महिन्यात पाहिले. आईला समुद्रकिनारी दोन दिवस निवांत पाठवायचं तिच्या मनात होतं. पण वडिलांना घाटात उलट्या होतात, त्यामुळे कोकण बाद. घाट न लागता समुद्र कुठे मिळेल, असं शोधलं की हे एकच ठिकाण निघत होतं.

"अहो," प्रेमलाबाई नवऱ्याकडे वळल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

नारायणराव शाळेतले निवृत्त हेडक्लार्क. बाकीचे लोक सकाळी पेपरात राशिभविष्य वाचतात, तसे ते उजनीची पातळी वाचतात, तीही मोठ्यानं.

"धरण मायनसमध्ये गेलंय हे मी रोज वाचून दाखवतो. तू ऐकत नाहीस."

"मग निघताना का बोलला नाहीत?"

"म्हटलं, स्पाचं पाणी वेगळं असेल."

समुद्र नाही याचं प्रेमलाबाईंना वाईट वाटलं, पण फार नाही. त्या समुद्रासाठी आल्याच नव्हत्या. त्या जेवायला आल्या होत्या.

याला कारण सोलापूरचं पाणी. देगावकरांच्या गल्लीत नळाला पाणी दर चार दिवसांनी येतं, आणि पाणी येतं त्या दिवशी घर सोडायचं नसतं. अंगणात हौद आहे. हौदाला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. पाणी आलं की नारायणराव कुलूप काढतात, नळाला पाइप जोडतात, तो हौदात सोडतात आणि शेजारी स्टूल टाकून बसतात. आत प्रेमलाबाई पिण्याचं पाणी गाळून भरतात. दोघांचं काम आहे, एकट्यानं होत नाही. कुलूप शेजारच्या ईश्वरप्पांसाठी आहे. ईश्वरप्पांनी देगावकरांच्या हौदात आजवर वाकूनही पाहिलेलं नाही. पण मागे त्यांनी नळाचं पाणी ओढायची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर काढून एक हॉर्सपॉवरची बसवली आणि तेव्हापासून नारायणरावांचं मन त्यांच्यावरून उडालं. कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला असते. अंघोळीलाही असते.

या पाण्यापायी प्रेमलाबाईंचं बाहेरचं एकही जेवण पुरं झालं नव्हतं. भार्गवीच्या साखरपुड्यात त्या जिलबी ताटात तशीच ठेवून रिक्षात बसल्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सात रस्ता चौकातल्या हॉटेलात मसाला डोसा समोर आला, त्याची वाफ चष्म्यावर बसली, आणि तेवढ्यात गल्लीतून फोन आला. डोसा पुड्यात बांधून घरी आणला. रात्री तो पुडा उघडला तेव्हा आतला प्रकार पोळीसारखा झाला होता, आणि पोळी त्यांना रोजच होती.

म्हणून या वेळी त्यांनी एकच अट घातली. एक जेवण. दुसऱ्यानं केलेलं, गरम, आणि 'पुरे' असं आपण म्हणेपर्यंत उठायचं नाही. समुद्र असला तर बरंच. नारायणरावांनी अट मान्य केली, कारण शुक्रवारी पाणी येऊन गेलं होतं आणि पुढची पाळी मंगळवारी होती.

स्पाला सुरुवात मालिशनं झाली. धनाजीच्या बायकोनं, पूनमनं, कुर्डुवाडीत पार्लरचा कोर्स केला होता, पण ती स्वयंपाकात होती. म्हणून मालिशला धनाजीची आई, केराबाई, आली. आजूबाजूच्या गावांतली दोन पिढ्यांची बाळं तिच्या हाताखालून गेली होती. तिला मालिश येत होतं ते एकच.

"कुटं दुकतंय?"

"गुडघे."

"ते मागनं. आदी टाळू."

तिनं प्रेमलाबाईंच्या डोक्यावर पसाभर तेल ओतून टाळू भरली. मग नाक दोन बोटांत धरून वर ओढलं. "नाक चांगलंय तुमचं. तरी वडून ठिवलेलं बरं." मग कानामागं, मग बेंबीत एक थेंब. मग डावा पाय धरला आणि त्याची टाच उजव्या कोपराला लावायला निघाली.

"अहो आजी, मी सदुसष्टची आहे!"

"रडू नगं. हितवर आलं की. उद्या आजून थोडं यील."

शेवटी तिनं त्यांना मऊ लुगड्यात हातापायांसकट घट्ट गुंडाळलं, छातीवर दोनदा थोपटलं आणि बाहेर येऊन नारायणरावांना सांगितलं, "आता निजंल बगा. आवाज करू नका."

प्रेमलाबाई खरोखरच झोपल्या. अशी झोप बऱ्याच वर्षांत लागली नव्हती. नारायणरावांनाही बोलावणं आलं, पण आपल्याला जानवं आहे एवढंच सांगून त्यांनी ते टाळलं.

मग पाय शेकणं. धनाजीनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर खडेमीठ टाकलं आणि मोबाइलवर लाटांचा आवाज लावला. मधेच एकदा फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली, मग पुन्हा लाटा.

"डोळं मिटा की काकू. समुद्रच हाय."

प्रेमलाबाईंनी डोळे मिटले. लाट आली, लाट गेली, मेंढी ओरडली. तशी तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती.

"काकू," पूनम हात पुसत आली, "जेवायला काय करू?"

"यांना वांगं चालत नाही. पित्त होतं."

"काकांचं न्हाय, तुमचं इचारतीय."

प्रेमलाबाईंनी डोळे उघडले आणि घमेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. पूनमला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. ती पुन्हा विचारणार इतक्यात त्या म्हणाल्या, "वांगं."

"भरलेलं?"

"भरलेलं. दाण्याचं कूट घालून. आणि तेल बेतानं घालू नकोस."

टेबल आंब्याखाली मांडलं होतं. केळीची पानं धुऊन आली. पानावर वांगं आलं, शेंगांची चटणी आली, वर दही. नारायणरावांपुढे पिठलं. मग चुलीवरून बाजरीची भाकरी आली, टम्म फुगलेली, आणि प्रेमलाबाईंनी बोटानं तिचा पापुद्रा फोडून वाफ जाऊ दिली. वाफ चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा पुसला नाही. वांग्याचा देठ धरून त्यांनी ते उकललं, मसाला भाकरीला लावला, आणि नेमका तेव्हा नारायणरावांचा फोन वाजला.

"सर, ईश्वरप्पा बोलतोय. पाणी आलंय बघा."

"आज? पाळी मंगळवारी आहे."

"आज आलंय ओ सर. सगळी गल्ली भरतीय. प्रेशर काय सांगू तुम्हाला, असं प्रेशर दिवाळीपासनं नव्हतं बघा."

नारायणराव उभे राहिले. "प्रेमा, ऊठ."

"कुठे?"

"पाणी आलंय!"

धनाजी कांदा फोडून आणत होता. "कसलं पाणी?"

"नळाला. सोलापूरला."

"येनारच की," धनाजी म्हणाला. "पंधरा दिसामागं धरणातनं नदीला सोडलंय न्हवं का, सोलापूरसाटी? म्हणून तर हितलं मागं सरकलं. तुमी समुद्र बगाया हितं आला, अन् समुद्र तुमच्या घरी गेला की वो."

"गाडी काढ, धनाजी."

"काडतो की. पर जेवून. पावना भरल्या पानावरनं उठला तर आई मला त्या गाळात पुरंल."

"तोवर पाणी जाईल!"

"मंग जाऊंद्या. गाडीनं तीन तास लागत्यात. ते काय दारात तुमची वाट बघत बसनार हाय व्हय?"

नारायणराव बसले. मग उठले. आंब्याभोवती एक चक्कर मारून पुन्हा बसले. पिठल्यावर साय धरली. फोन चालूच होता.

"सर? हॅलो? मी काय म्हणतो, माझी पाइप तुमच्या हौदात टाकतो की. त्यात काय एवढं? फक्त झाकणाला कुलूप आहे."

नारायणरावांचा हात सदऱ्याखाली जानव्याकडे गेला. किल्ली तिथेच होती, हौदापासून तीन तासांवर.

"ते सात लिव्हरचं आहे," ते म्हणाले.

"आमच्याकडं हातोडा आहे की सर."

"नको नको. मी येतो."

"कधी?"

नारायणराव बायकोकडे पाहत होते. प्रेमलाबाईंच्या हातात पहिला घास होता आणि तो अजून हातातच होता. आपण आता उठलो तर पुढे काय होईल हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पूनम हळहळेल, वांगी डब्यात भरून देईल, डबा जीपमध्ये मांडीवर बसेल, आणि रात्री घरी पाणी गाळून झाल्यावर तो उघडला जाईल. वांग्याचं तेल तोवर थिजलेलं असेल.

त्यांनी घास तोंडात घातला. नीट चावला, गिळला. मग डावा हात पुढे केला.

"फोन द्या."

"प्रेमा, मी बोलतोय ना—"

"द्या."

नारायणरावांनी दिला.

"ईश्वरप्पा, मी बोलतेय."

"बोला वैनी. जेवण झालं का?"

"चाललंय. ते कुलूप फोडा."

पलीकडे क्षणभर फक्त मोटरची घरघर ऐकू आली. "फोडू? सरांना विचारा की एकदा. नंतर माझ्यावर यायला नको."

"सर जेवतायत."

सर जेवत नव्हते. सर उभे होते. पण बायकोनं बाहेर कुणाला तरी तसं सांगितलं आहे हे कळल्यावर ते बसले.

"अगं, तो मोटर लावून भरेल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आपल्या नळाचं सगळं स्वतःकडे ओढेल."

प्रेमलाबाईंनी फोन तोंडापासून लांब न नेताच सांगितलं, "ईश्वरप्पा, तुमची मोटर मोठी आहे ना? तीच लावा. लवकर होईल."

"बघा वैनी, तुम्ही सांगताय म्हणून हं," ईश्वरप्पा म्हणाले. पाठोपाठ अंगणातून चालल्याचा आवाज आला. मग हातोड्याचा एक ठोका. मग दुसरा. नारायणराव प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. तिसऱ्या ठोक्यापूर्वी फोन बंद पडला.

"रेंज गेली," धनाजी म्हणाला. "हितं तिचं बी पान्यासारखंच हाय. आली तर आली."

पूनम दुसरी भाकरी घेऊन आली. "वाडू का काकू?"

"वाढ. आणि वांगं दे अजून एक. मोठं बघून."

केराबाई ओसरीत बसून हे सगळं पाहत होती. "खाऊ द्या लेकराला," ती कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली.

गाळावरच्या मेंढ्या आता सावलीच्या शोधात केळीच्या बांधाकडे सरकल्या होत्या. त्यांच्यामागे ती चकाकती रेघ सकाळी होती तिथेच होती, किंवा अजून थोडी मागे गेली होती. सांगणं कठीण होतं.

"आता काय करत असेल तो?" नारायणरावांनी विचारलं.

"हौद भरत असेल."

"कुणाचा?"

प्रेमलाबाईंचं तोंड भरलेलं होतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी रेंज आली आणि तिच्याबरोबर ईश्वरप्पांकडून एक फोटो आला. नारायणरावांनी तो दोन बोटांनी ताणून मोठा केला. फोटोत त्यांचं स्टूल होतं. स्टुलावर फुटलेलं कुलूप, वर्तमानपत्राचा कागद अंथरून व्यवस्थित मांडून ठेवलेलं. मागे झाकण उघडं होतं आणि एक पाइप आत गेलेला दिसत होता. पण फोटो काढणाऱ्याची सावली नेमकी हौदाच्या तोंडावर पडली होती, त्यामुळे आत पाणी किती आहे, की आहेच का, ते कळत नव्हतं. पाइपचं दुसरं टोक फोटोबाहेर गेलं होतं.

नारायणरावांनी लावलेला फोन ईश्वरप्पांनी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ते फोटोवर नजर ठेवून भाकरीचा तुकडा मोडत राहिले, आणि न पाहता त्यांनी तो पिठल्याऐवजी बायकोच्या पानातल्या वांग्यात बुडवला आणि खाल्ला.

प्रेमलाबाईंनी पान थोडं त्यांच्याकडे सरकवलं आणि पूनमला तिसऱ्या भाकरीसाठी हात केला. 'पुरे' असं त्यांनी तोवर म्हटलेलं नव्हतं.