एकसष्ट नंबरचं मशीन

"मॅडम, मैंने सब कर के देख लिया," शिवराज म्हणाला. "वायरी बदलल्या, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. एक बी मशीन उठ नई रा."

मुक्ता खरात दारातच थांबली. चार वर्षांनी ती या प्रयोगशाळेत पाय ठेवत होती. समोर साठ संगणक, साठही पडदे काळे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: सर्व्हर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कॉलेजात एका भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. त्याआधी साठही संगणकांवर परीक्षेची इमेज चढवायची होती. इमेज म्हणजे एका नीट बसवलेल्या संगणकाची जशीच्या तशी नक्कल. ती कोपऱ्यातल्या सर्व्हरवर ठेवलेली असते. बाकीचे संगणक सुरू होताच नेटवर्कवर हाक मारतात, सर्व्हर ओ देतो आणि ती नक्कल त्यांच्यावर उतरवतो. आधीचं जे असेल ते पुसलं जातं. ही सगळी मांडणी मुक्तानंच उभी केली होती. शिवराज बाहेरच्या एजन्सीचा, चाळिशीतला, घामाघूम झालेला माणूस. सकाळपासून झटून त्यानं हात टेकले, तेव्हा कुणाला तरी स्टोअरमध्ये खडूच्या खोक्यांमागं बसलेली मुक्ता आठवली.

"खरातबाई, किती वेळ लागेल?" मागून विभागप्रमुख विश्वजीत सरांचा आवाज आला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नव्हतं. ते घड्याळाकडं पाहत होते.

"बघते सर."

हा आवाज ती चार वर्षं विसरली नव्हती. मार्चमधल्या एका दुपारी याच आवाजानं फोनवर सांगितलं होतं, "सगळ्यांवर नवी इमेज टाका. आजच." तिनं विचारलं होतं, "पोरांचे प्रोजेक्ट हायेत सर, काढून घेतले का?" "घेतलेत हो, टाका." तिनं टाकली. शेवटच्या वर्षाच्या पोरांचं वर्षभराचं काम एका तासात पुसलं गेलं. चौकशीत सर म्हणाले, "मी असं काही सांगितलंच नव्हतं." फोनवरच्या बोलण्याला कागद नव्हता. मग मुक्ताला भरल्या सभागृहात उभं करून माफीनामा वाचायला लावला आणि प्रयोगशाळेतून काढून स्टोअरमध्ये बसवलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' या शब्दांशी तिची जीभ तीनदा अडखळली होती. सातव्या रांगेत तिची मुलगी श्रेया बसली होती, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. माफीनामा संपला तेव्हा मुक्तानं तिकडं पाहिलं. श्रेयाची मान खाली होती. त्या जूनमध्ये श्रेयानं कॉलेज सोडलं, पुण्याला गेली, तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली. घरी येते, जेवते, जाते. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

मुक्तानं एक संगणक पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर क्षणभर चमकून जाणारे आकडे पाहिले.

"शिवराजभाऊ, हे बघा. याला पत्ता मिळालाय. पण आपल्या सर्व्हरचे पत्ते असे नसतात. दुसरंच कुणीतरी आधी ओ देऊन ऱ्हायलंय."

"दुसरा कौन?"

"ते हुडकायचंय."

भिंतीवरच्या पेटीतून ती एकेक वायर काढू लागली. एक वायर काढायची, एक संगणक सुरू करून पाहायचा. बावीस वायरी झाल्या. तेविसावी काढली आणि समोरचा पडदा निळा झाला, इमेज मागू लागला.

"अरे वा!" शिवराज ओरडला.

तेविसावी वायर विश्वजीत सरांच्या केबिनमध्ये जात होती. सर तोवर प्राचार्यांकडं गेले होते. मुक्ता केबिनमध्ये शिरली. टेबलाखाली नुकताच घरून आणलेला वायफायचा डबा लुकलुकत होता. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून सरांनी तो भिंतीतल्या वायरीला जोडला होता, तोही चुकीच्या भोकात. साठ संगणकांच्या हाकेला सर्व्हरच्या आधी तोच ओ देत होता आणि देण्यासारखं त्याच्याकडं काहीच नव्हतं.

तिनं डबा काढून बाजूला ठेवला, वायर सरळ सरांच्या संगणकाला लावली. आणि उठता उठता तिची नजर संगणकाच्या पाठीवर गेली. तिथं तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती: ६१. प्रयोगशाळेसाठी आलेल्या खरेदीतलं हे जादा मशीन सरांनी स्वतःकडं ठेवून घेतलं होतं. सर्व्हरच्या यादीत ते अजून प्रयोगशाळेचंच होतं.

मुक्ता तिथं गुडघ्यावर बसून राहिली. सरांचा अकरा वर्षांचा अभ्यास या मशीनमध्ये होता, हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठात त्यांची मुलाखत होती.

तिनं घाई केली नाही. तेविसावी वायर पेटीत परत खोचून, सर्व्हरवर जाऊन तिनं आधी एकसष्ट नंबरची पूर्ण नक्कल उचलून घेतली. सर्व्हरला वरून खाली उतरवता येतं, तसं खालून वरही घेता येतं. सव्वा तास लागला. शिवराजला वाटलं, बाई तपासणी करताहेत. तो चहा पिऊन आला.

मग सर आले. "झालं का?"

"बिघाड सापडला सर. आता इमेज टाकायची. लेखी आदेश द्या."

"आता? अहो, वेळ बघा!"

"मागच्या बारीला तोंडी होता."

सरांच्या कपाळावर आठी आली. शिवराज ऐकत होता. सरांनी तिच्या हातातला कागद ओढला. तिनं लिहून ठेवलं होतं: यादीतील सर्व एकसष्ट संगणकांवर इमेज टाकावी. सरांनी न वाचता सही केली, तारीख घातली, आणि गेले.

तिनं एकसष्टही खुणा केल्या आणि बटण दाबलं.

परीक्षा नीट पार पडली. ती संपल्यावर दुपारी सर स्टोअरच्या दारात आले. चेहरा पांढराफटक.

"माझ्या मशीनवर काही नाही. परीक्षेचं पान येतंय फक्त."

मुक्तानं कागद काढून समोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी हुकमाची माणूस सर."

"मी तुम्हाला घरी बसवीन!"

"बसवा की. सही तुमची हाये."

दुसऱ्या दिवशी शिवराज सरांच्या मशीनपाशी बसलेला तिनं खिडकीतून पाहिला. सर त्याच्या मागं उभे होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. शिवराजनं नकारार्थी मान हलवली. तिला ते पाहताना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की ती डबा खायची विसरली. दुपारी ती पुन्हा खिडकीशी गेली. सर एकटेच बसले होते, जुन्या पेनड्राइव्हवरचं काहीतरी उघडून बंद करत.

तिसऱ्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले आणि खोक्यावर बसले.

"मुक्ताताई," ते म्हणाले. ताई त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. "काहीच परत येणार नाही का?"

"येईल."

त्यांनी वर पाहिलं.

"सगळं येईल. नक्कल हाये माझ्यापाशी. सोमवारी सभागृहात नव्या पोरांचं स्वागत हाये ना? तिथं उभं राहून वाचा. काय झालं होतं, कुणी सांगितलं होतं. मग देते."

"हे ब्लॅकमेल आहे."

"व्हय."

"मी प्राचार्यांकडं जाईन."

"जा. तोवर मी ते पुसते. एक बटण हाये."

ते उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "तेव्हा मला भीती वाटली होती. मी कायम झालो नव्हतो अजून."

"मी तरी कुठं झाले होते?" मुक्ता म्हणाली. "अजून बी नाय."

त्या रविवारी तिनं श्रेयाला फोन केला. सोमवारी ये म्हणाली, काहून ते सांगितलं. श्रेया म्हणाली, सुट्टी मिळणार नाय.

सोमवारी मुक्ता गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली मोरपंखी साडी नेसून आली. सभागृहात चारशे पोरं होती. विश्वजीत सर व्यासपीठावर उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि वाचला. चार वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचं काम पुसलं गेलं ते माझ्या तोंडी आदेशामुळे. श्रीमती मुक्ता खरात यांची त्यात चूक नव्हती. मी खोटं बोललो. एक शब्दही त्यांनी गाळला नाही.

पोरांना काही कळलं नाही. कुणी मोबाइलमध्ये होतं, कुणी शेजाऱ्याला विचारत होतं, खरात कोण. ज्यांचं काम पुसलं गेलं होतं ती कधीच पांगली होती. चौकशी करणारे तिघे निवृत्त झाले होते. प्राचार्यही नवे. सर थांबले तसं कुणीतरी टाळी वाजवली, मग साऱ्यांनीच वाजवली, जशी ते आधीच्या प्रत्येक भाषणाला वाजवत होते.

मागच्या दाराशी शिपाई आशाबाई उभी होती. जुन्यांतली ती एकटीच. तिनं पदरानं डोळे पुसले. "साडी झ्याक हाये गं," ती म्हणाली.

मुक्तानं शब्द पाळला. प्रयोगशाळेत जाऊन तिनं एकसष्ट नंबरवर त्याची नक्कल उतरवायला लावली. सर सव्वा तास केबिनबाहेर उभे होते. झाल्यावर ती त्यांच्यासमोरून निघून गेली.

संध्याकाळी दौलताबादच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. छावणी ओलांडली तेव्हा श्रेयाचा फोन आला.

"वाचलं का त्यांनी?"

"वाचलं. सगळं."

"कोण होतं ऐकायला?"

"पोरं व्हती. लई व्हती."

"आपलं कोण?"

"आशाबाई."

बस गचके खात चालली होती.

"तुला आता तरी खाली मान घालायचं कारण नाय," मुक्ता म्हणाली.

"आई." श्रेयाचा आवाज बदलला. "मला तुझी लाज नव्हती वाटली. तू वाचत होतीस तव्हा मला उठून तुझ्यापाशी यायचं होतं. हात धरायला. माझे पायच उचलेनात. सगळे बघत होते. म्हणून मान खाली होती माझी. म्हणून गेले मी."

मुक्ताच्या शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी सावरली. कंडक्टर पुढं सरकत सुटे मागत होता. बाहेर शेतांवर ऊन उतरत होतं.

"आई, ऐकू येतंय का?"

"येतंय," मुक्ता म्हणाली.

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून श्रेयाचा श्वास ऐकू येत होता. गाव येईपर्यंत श्रेयानंही फोन ठेवला नाही.