आमेनपर्यंत हात

मी भिंती रंगवणारा माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि नेमका ब्रश धरणारा उजवा हातच लुळा पडला. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं, "रोज हात डोक्यावर नेऊन अर्धा मिनिट धरायचा." बायको म्हणाली, "घड्याळ कशाला? मी प्रभूची प्रार्थना म्हणते. आमेन होईपर्यंत हात खाली आणायचा नाही." प्रार्थना तिचं खातं. मी वीस वर्षांत कधी तिच्यासोबत म्हटली नव्हती.

पहिल्या दिवशी पहिल्याच ओळीतल्या 'स्वर्गातील पित्या'ला हात धपकन मांडीवर पडला. महिन्याभराने प्रार्थनेच्या मध्यावरची 'रोजची भाकर' गाठली, तेव्हा तिने बहिणीला फोन करून सांगितलं, "भाकरीपर्यंत आलेत!" पुढे मात्र गाडी तीन आठवडे तिथेच अडली.

"मुद्दाम लांबण लावतेस तू!" मी खेकसलो. "असं पुटपुटून देव हात देणार आहे होय?"

"मागायचं काम माझं, उचलायचं तुमचं. तुम्ही तुमचं बघा," म्हणत तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आज सकाळी भाकर मागे पडली. शेवटाजवळची 'परीक्षा'ही ओलांडली. दंड थरथरत होता, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तिचा आवाज माझ्या हातापेक्षा जास्त कापत होता.

"आमेन," ती कशीबशी म्हणाली आणि डोळे पुसत माझा हात खाली घ्यायला पुढे आली.

"हात लावू नकोस," मी ओरडलो. "तुझं आमेन झालं, माझं अजून व्हायचंय."

आणि हात तसाच वर ठेवून मी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.