दोनशे चौदा दगड

खंडेनवमीच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाडलेल्या स्टेशनच्या दगडांवर सांडू हमालानं पहिली बादली ओतली. साडेनऊपर्यंत दोनशे चौदा दगड लख्ख झाले.

जालन्यात जुन्या मोंढ्याच्या धान्यबाजारामागं जिथं रूळ संपत, तिथं हे स्टेशन होतं. निजामाच्या काळात कापसासाठी बांधलेलं. इथून पुढं गाडी जात नसे. इंजिन फिरवून परत निघे. रूळ उखडून पंचवीस वर्षं झाली होती. यंदा रस्त्यासाठी इमारतही गेली. दर्शनी कमान तेवढी दगड-दगड सुटा करून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली; बागेत ती पुन्हा उभी करायचं ठरलं होतं.

बदनापूरकडची मेंढरं सोडून सांडूचा बाप इथं ओझी उचलायला आला. सांडूनं अडतीस वर्षं उचलली. दर खंडेनवमीला हमाल ती कमान धुऊन तिला हळदकुंकू वाहत. आता धुणारा तो एकटाच उरला होता.

"मेली म्हैस मणभर दुधाची," पाणी आणून देताना बायको गोपिकाबाई म्हणाली. "उभं होतं तवा तुमीच रोज शिव्या देत होते."

"शिव्या गाडीला होत्या. कमानीला न्हाई."

पावणेअकराला अर्पिता आली. कमान उभी करायचं काम या तरुण इंजिनिअरबाईकडं होतं. शेडच्या दारातच ती थबकली.

"मामा, आकडे कुठंयत?"

"कोन्ते?"

"दगडांवरचे. खडूचे."

"पुसले की. गेल्या हप्त्यात तुमीच मोजून गेल्ता ना?"

मालधक्क्यावर पोत्याला खडूची खूण असे. मोजदाद झाली की हमालानं ती पुसायची, म्हणजे तेच पोतं दोनदा मोजलं जात नसे. सांडूचा हात त्याच सवयीनं फिरला होता.

अर्पिता एका ओल्या दगडावर टेकली. "मामा, ते मोजायचे आकडे नव्हते. कोणता दगड कुठं बसायचा, ते लिहिलं होतं. ऑइल पेंट दगडात मुरतो, म्हणून खडूनं लिहिलं."

तिच्या नकाशावर दोनशे चौदा आकडे होते. समोर दोनशे चौदा दगड होते, प्रत्येकावर हळदकुंकवाचं एकेक बोट.

"फोटू असंल की," सांडू म्हणाला.

"आहे. त्यात अर्धी कमान कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरखाली आहे."

गोपिकाबाईनं बादली उपडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून सांडू शेडमध्ये जाऊन बसू लागला. दगडांवरून हात फिरवून ओळख काढायची. घंटा टांगायच्या हुकाची खाच असलेला दगड सापडला. पाठ टेकून गुळगुळीत झालेला एक सापडला. तो उजव्या खांबाचा, हे त्यानं बरोबर सांगितलं. तिथं बाप बसायचा. राजूरहून हमालीतला जुना जोडीदार कडूबाही आला.

"हा डावीकडचा," कडूबा म्हणाला.

"बिलकुल न्हाई. तू तवा तंबाखू मळत होतास, तुला काय दिसलं?"

"तू तर झोपलेलाच असायचास!"

शेड महिनाअखेर रिकामं करायचं पत्र अर्पिताच्या हातात पडलं. तिनं मुदतवाढ मागितली. उत्तर आलेलं नाही. कालपर्यंत अकरा दगडांची जागा ठरली होती. बाराव्यावर सांडू आणि कडूबाचं अजून जमलेलं नाही.